दाढीचा नवस

एड्स हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो मुळशीत, न्हाव्याच्या ओट्यावर, माझा नंबर यायची वाट बघत. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पेपरात लिहिलं होतं, हा रोग शरीरसंबंधातून होतो, रक्तातून पसरतो आणि त्यावर औषध नाही. थोड्याच दिवसांपूर्वी मी कामासाठी पुण्यात मुक्कामाला होतो. लॉजवर शेजारच्या खोलीतली बाई भेटली. रात्र एकत्र गेली, सकाळी चहा प्यायलो. नाव तिनंही विचारलं नाही, मीही नाही. मला ती आवडली होती, हेही सांगून टाकतो.

समोर न्हावी एकाच वस्तऱ्यानं सगळ्या गावाची दाढी उरकत होता. कुणाला कापलं तर तुरटी फिरवायची, वस्तरा पट्ट्यावर घासायचा, की पुढचं गिऱ्हाईक. मी पेपर ठेवला आणि उठून घरी आलो. आपण मरू ते मरू, गावाला सोबत कशाला न्यायचं?

दाढी वाढली. जेवायलाही मी पडवीत बसायला लागलो. ताट-तांब्या वेगळं काढलं, घासायचोही मीच. ताटावाटे काही होत नाही हे मला फार नंतर कळलं. तेव्हा विचारणार कुणाला? माहेरी आलेल्या बहिणीचं पोर अंगाशी खेळायला यायचं, त्याला मी खेकसून लांब ठेवायचो. साधा खोकला आला तरी वाटायचं, झालं, भरली आपली. संध्याकाळी धरणाच्या कडेला जाऊन बसायचो. भरल्या घरात मी अगदी एकटा पडलो होतो.

गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. दाढी राखलीय, वेगळं जेवतोय, म्हणजे नवस. पारावरची म्हातारी माणसंसुद्धा मला अहो-जाहो करायला लागली. मला हसू यायचं. आईनं एकदाच विचारलं, "कसला नवस हाय रं?"

"सांगायचा नसतो," मी म्हणालो. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

काही महिन्यांनी धीर करून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला दिलं. पुन्हा बोलावलं तेव्हा डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "काही झालेलं नाही तुम्हाला. जा." एसटीत खिडकीकडे तोंड करून रडलो. एवढी मोठी बातमी, आणि ती सांगायला माणूस नव्हतं.

उतरलो तो थेट न्हाव्याकडे गेलो. गुळगुळीत तोंडानं घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे होती.

"फिटला?"

"फिटला," म्हणालो आणि तिच्या शेजारी जेवायला बसलो.

तिनं मला वाढलं, मग स्वतः भाताचा एक घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिली.

"लई दिसांनी," ती म्हणाली. "तू दाढी राखलीस तवाच म्या भात सोडला व्हता. म्हनलं, पोराचं काय असंल त्ये लवकर फिटावं."

भाताच्या मुलखातली बाई इतके महिने नाचणीवर राहिली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण मी पडवीत तिच्याकडे पाठ करून जेवत होतो.