रूथचं पत्र आणि माझी वाणसामानाची यादी

मार्च महिन्यातली सकाळ. साल शहाण्णव-सत्त्याण्णव असेल. शॉमबर्गमधल्या ग्रेसकाकूंच्या किचन टेबलवर एक जाडजूड पाकीट पडलं होतं आणि माझ्या अंगात नको तेवढी हुशारी संचारली होती...

मी तेव्हा अमेरिकेत एम.एस. करत होते आणि काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं ‘ग्रेस’ म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी काकू म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर त्या खूश झाल्या होत्या.

त्यांच्या कॉलेजात मुलींची सोरॉरिटी होती. एकत्र एका घरात राहायचं, एकत्र स्वयंपाक, एकत्र अभ्यास... आणि एकदा आत गेलं की जन्मभर एकमेकींच्या ‘सिस्टर’. मला आधी हे सगळं जरा फॅड वाटायचं. आपणही हॉस्टेलला राहिलो की, त्यात काय एवढं!

पण ते पाकीट बघितलं आणि माझं मत बदललं. काकूंच्या बॅचच्या नऊजणी, नऊ गावांत पांगलेल्या. पाकीट एकीकडून दुसरीकडे पोस्टाने फिरायचं. आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढायचं, नवीन घालायचं आणि पुढचीला पाठवायचं. चाळीसहून जास्त वर्षं हे चालू होतं... आणि मी नागपूरच्या माझ्या रूममेटला दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती.

त्या वर्षी काकूंचा हात फार थरथरायला लागला होता. पेन धरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. त्या सांगत गेल्या, मी पत्र लिहिलं. मग डॉक्टरकडे निघताना त्या म्हणाल्या, “माझं जुनं पत्र काढ, हे घाल आणि पोस्टात टाक.”

मी त्यांचं जुनं काढलं. तेवढ्यात आत एक पिवळं पडलेलं पत्र दिसलं, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तारखेचं. मला वाटलं, कोणीतरी काढायचं विसरलंय, किती वर्षं उगाच वजन वाहतायत बिचाऱ्या! काढून टाकलं. पाकीट टाकून आले आणि आपण घर आवरल्यासारखं वाटत होतं मला...

दहा दिवसांनी ओहायोहून मार्जरीचा फोन आला. ती रिंगणातली पुढची. फोन कानाला तसाच धरून काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, “मार्जरी विचारतेय, रूथ कुठे आहे?”

मला काही कळेना. काकूंनी फोन ठेवला आणि शांतपणे सांगितलं. रूथ त्यांच्यातली पहिली गेलेली. त्यांच्या सोरॉरिटी हाऊसचं किचन तीच बघायची, दर शनिवारी सगळ्यांच्या सामानाच्या चिठ्ठ्या गोळा करून बाजारात जायची. तिचं शेवटचं पत्र तेव्हापासून पाकिटात फिरत होतं.

मी चाचरत विचारलं, “इतकी वर्षं कुणीच कसं काढलं नाही?”

“आपलं पत्र आपणच काढायचं असतं,” काकू म्हणाल्या. “तिचं कोण काढणार?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एक शब्द रागाने बोलल्या नाहीत, हे तर आणखीच वाईट.

पण एक आशा होती. पाठकोरा कागद फेकणं माझ्या रक्तात नाही... आमच्या घरी लग्नपत्रिकांच्या मागेसुद्धा हिशोब व्हायचे! वर पळत गेले, रफ कागदांचा अख्खा गठ्ठा उपसला. नाही. मग आठवलं. शनिवारी वर्गातल्या सुनीताबरोबर डेव्हनच्या देशी दुकानांत सामान आणायला गेले होते, यादी कशावर लिहिली होती?

कोटाच्या खिशात सापडलं. चार घड्या पडलेलं, हिंगाचा वास लागलेलं. पुढे रूथचं सुबक अक्षर, मागे माझं गिचमिड मराठी... बारीक रवा, तूरडाळ, हिंग, जाड पोहे, साबुदाणा.

खोडून बघू का, असंही मनात आलं. पण बॉलपेन होतं. तसंच काकूंच्या हातात दिलं आणि रडले. त्यांनी यादी काय आहे ते विचारलं, मी वाचून दाखवलं. त्यांनी कागदाच्या घड्या हाताने सपाट केल्या आणि दुसऱ्या पाकिटात घालून मार्जरीला पाठव म्हणाल्या. सोबत मी माफीची चिठ्ठी लिहिली.

सगळीकडे फिरून पाकीट परत यायला ऑक्टोबर उजाडला. मी ते उघडायलाच घाबरत होते. काकूंनी आधी रूथचंच पत्र काढायला सांगितलं.

मी उलटून पाहिलं. माझ्या साबुदाण्याच्या खाली मार्जरीने लिहिलं होतं, डझनभर अंडी. त्याखाली दुसऱ्या अक्षरात लोणी आणि मांजराचं खाणं. मग कुणाची सफरचंदं, कुणाची कॉफी... एकीने ‘रूथ, या वेळी तरी विसरू नकोस’ असंही बजावलं होतं. सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या तिच्याकडे दिल्या होत्या.

काकू आधी हसल्या, मग डोळे पुसले. मग म्हणाल्या, “पेन दे.”

मी लिहायला सरसावले तर त्यांनी मान हलवली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी पेन हातात घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि एक-एक अक्षर जुळवत लिहिलं... ऑरेंज मार्मलेड. ओळ पार कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली.

“आता टाक पोस्टात,” त्या म्हणाल्या. “आणि आतलं काही काढू नकोस!”

त्याच दिवशी मी नागपूरला रूममेटला पत्र लिहायला बसले. पाठकोऱ्या नाही, चांगल्या कोऱ्या कागदावर.