गपचूप गाडी

आई-वडलांनी खडी फोडून मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी, अग्निशमन दलात लागलो. आमच्या बंबावरचे सगळ्यात जुने जवान, चाचा, अपघाताच्या जागी कधीच धावत नाहीत. आधी गुडघे धरून वाकतात, गाडीभोवती सावकाश फिरतात. "चाचा, मुहूर्त बघताय व्हय?" असं पोरं चिडवतात. ते हसतात, पण पाय उचलत नाहीत.

परवा लोहाऱ्याच्या रस्त्यावर एक हायब्रीड कार पुलाच्या कठड्याला घासून थांबली. चालक बेशुद्ध. आम्ही पोचलो तेव्हा इंजिनाचा आवाज नव्हता, म्हणून लोक पुढून काच फोडायला धावले. चाचांनी हात आडवे केले.

"माणूस मरतोय चाचा!" मी ओरडलो.

"आवाज न्हाय म्हणून बंद हाय व्हय रे? बॅटरीवर बी पळती ती. समोरून व्हा बाजूला!"

त्यांनी चाकापुढं दगड सरकवला. तेवढ्यात चालकाचा पाय हलला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला. गाडी एकदम पुढं सरकली आणि दगडाला अडली. समोर कुणीच नव्हतं. चाचांनी बाजूच्या खिडकीची काच फोडली, आत हात घालून बटण दाबलं, गाडी बंद केली. बॅटरीच्या जबर करंटच्या केशरी वायरींना कुणाला शिवू दिलं नाही. मग आम्ही दार उचकटून चालकाला बाहेर काढलं.

संध्याकाळी चालक शुद्धीवर होता, आणि आम्ही सगळे आपापल्या घरी धडधाकट पोचलो.