एकाच कॅमेऱ्यात आलेली आई

मी प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जायचे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्या शिक्षणाचे उपकार मी विसरत नाही... म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

मालेगावच्या पुढे वनविभागाचं सागाचं रोपवन आहे. तिथे वन्यप्राण्यांच्या नोंदीसाठी मी ट्रॅप कॅमेरे सांभाळते, प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधायचे – बिबट्या मधून गेला की एकात डावी कूस येते, दुसऱ्यात उजवी. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून ओळख पटते. राहते जंगलकाठच्या खोलीत, एकटी. आई-बाबा कामासाठी पुण्याकडे. कितीतरी दिवस माझी सोबत म्हणजे हे फोटोच.

एक बिबट मादी आणि तिचं पिल्लू नेहमी यायचं. एका पहाटे रस्त्यावर गाडीच्या धडकेत मादी मेली. नियमाप्रमाणे तिला जाळलं, मी तिथेच उभी होते. पिल्लू लंगडत झाडीत पळालेलं लोकांनी पाहिलं.

वनविभागाचे साहेब म्हणाले, "एवढंसं पिल्लू एकटं जगणार नाही. कॅमेऱ्यात दिसलं की कळवा, पिंजरा लावू."

पिंजऱ्यात गेलं की जन्मभर पिंजराच. आणि नाही धरलं तर उपाशी मरणार.

चार-पाच दिवसांनी मी आणि वनमजूर गजूभाऊंनी लॅपटॉपला कॅमेऱ्यांची कार्डं लावली. डाव्या कॅमेऱ्यात पिल्लू, दुखरा पाय उचललेला. मान वर करून शेजारी बघत होतं. शेजारी नुसतं गवत. मग उजव्या कॅमेऱ्याचा फोटो उघडला, त्याच क्षणाचा... त्यात पिल्लाच्या अंगाला अंग लावून मादी चालत होती.

"जुना फोटो असन, म्याडम."

"भाऊ, जुन्या फोटोत ते लंगडत होतं का?"

मी मादीचे ठिपके जुन्या फोटोंशी जुळवले. तीच.

"आता साहेबाले काय सांगसान? जाळलेली माय पोराले फिरवून राह्यली म्हनून?" गजूभाऊ हसायला गेले, पण हसू आलं नाही. मग हळूच म्हणाले, "पिंजरा कायले लावता? हाय ना कोनी त्याच्यासंग."

मी दोन्ही फोटो साहेबांना पाठवले. "कॅमेरा बिघडला असेल," एवढंच ते म्हणाले. पिंजऱ्याचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. कॅमेरा मी तपासून घेतला, बदलूनही पाहिला. पुढे कितीतरी आठवडे तेच – उजवीकडे दोघं, डावीकडे एकटं पिल्लू.

मग एक दिवस ते तोंडात ससा धरून गेलं. पाय नीट टेकत होता. दोन्ही कॅमेऱ्यांत फक्त तेच होतं, आणि मान सरळ पुढे.

ते का आणि कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. शिकलेलं सगळं लावून पाहिलं. पिल्लू आता चांगलं दांडगं झालंय, अधूनमधून जातं त्या वाटेने, एकटंच. तरी कार्डं आणली की मी अजूनही आधी उजवं लावते.