एका सहीसाठी अम्गरा ते खैरान

"कुवेतला फिरायला कोण जातं?" पनवेलमध्ये चौघांनी विचारलं. एरवी मीही गेले नसते. पण माझी मामेबहीण माया तिथे चौदा वर्षं नर्स आहे, आणि तिच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी खैरानच्या सहलीत माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता 'व्यसन आणि आपण'. मी नशा करणाऱ्या लोकांच्या केंद्रात काम करते. आमचं म्हणणं साधं आहे: माणूस व्यसन सोडेल तेव्हा सोडेल, तोवर तो मरता कामा नये. आपल्या गावातसुद्धा हे ऐकून घेणारे कमी, आणि इथे समुद्रापलीकडून बोलावणं आलं म्हटल्यावर मी लगेच रजा टाकली.

जाणाऱ्यांनी जानेवारीत जावं. हवा छान असते, मात्र संध्याकाळी स्वेटर लागतो. मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत पोचवतं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. आपल्याकडच्या काही वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधं तिथे थेट तुरुंग दाखवू शकतात. आणि कुणी 'जाताच आहात तर' म्हणून पार्सल दिलं, तर ते लोणचं असलं तरी उघडून बघा.

माया हवल्लीत राहते. खाली शोरम्याचं दुकान, शेजारी शिंपी, वर केरळी, इजिप्शियन आणि फिलिपिनो बिऱ्हाडं. मी पहिला घास तोंडात घालते न घालते तोच सहलीचे आयोजक साळवी सर यांचा फोन आला. ते एका बांधकाम कंपनीत मोठे इंजिनियर आहेत. (नाव बदललंय. हे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे, कुरकुरत का होईना.)

"मॅडम, विषय जरा बदलू या. मोबाइलचं व्यसन घ्या. मुलंही बसणार आहेत."

"आणि गोळ्या? दारू?"

"ते आपल्या लोकांत नाही हो. ते बंगाली, नेपाळी, लेबर कॅम्पातले."

मी फोन मायाच्या हातात दिला. तोंडातून काही बाहेर पडण्याआधी तेच बरं होतं. ती नुसतं "बरं सर, बरं सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "उद्या शुक्रवार, सुट्टी आहे. तुला अम्गराला नेते. आपले लोक दाखवते."

अम्गरा पाऊण तासावर आहे. पर्यटक तिथे जात नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भंगार, लोखंडी सळयांचे ढीग, फरशांचे गठ्ठे, आणि सगळ्यावर पिवळट धूळ. एका टपरीवर शंभर फिल्सला, म्हणजे पंचवीस-तीस रुपयांना, झकास कडक चहा मिळाला. तिथे मायाने बोलावलेले दोघे आले: श्रीवर्धनचा इरफान, वय एकोणतीस, आणि त्याच्याच गावचे, त्याच खोलीत राहणारे उस्मानचाचा.

इरफान तिथल्या एका यार्डात तीन वर्षं फरशा उचलतो. पाठ धरली तेव्हा सोबतच्या एकाने गोळी दिली. काम झालं. मग दोन, मग चार. आता पाठीचं राहू दे, सकाळी अंथरुणातून उठायलाच गोळी लागते. पाठ दाखवायला तो मायाच्या क्लिनिकात आला होता, तिथे तिने ओळखलं.

"इथे दवाखान्यात खरं सांगितलं तर?" मी विचारलं.

"ताई, बोटांचे ठसे घेऊन देशाबाहेर पाठवून दिलं तर परत येणं नाही. घरात खाणारी सात तोंडं आहेत. मला सुट्टीवर नीट घरी जाऊ द्या, तिथे उपचार घेतो, एवढंच म्हणतोय. पण देश सोडायला मालकाची सही लागते. तीन आठवडे झाले, ऑफिसातला माणूस 'बुकरा' म्हणतो. उद्या. रोज उद्या."

मी त्याला सांगितलं, अचानक बंद करू नकोस, एकटा असताना घेऊ नकोस, वर झोपेची गोळी तर अजिबात नको. मग उस्मानचाचांना म्हटलं, कुणी बेशुद्ध पडला तर कुशीवर वळवा आणि ताबडतोब अँब्युलन्स बोलवा.

चाचांनी कप खाली ठेवला.

"रफीक व्हता आमच्या खोलीत. सिल्हेटचा बंगाली. अशाच जुम्म्याच्या दुपारी गोळ्या खाऊन पडला. ओठ निळे झाले. आमी चौघं व्हतो, फोन हातात व्हता. कोणी लावला नाय. गाडी आली तर मागून पोलीस येतील, मग चौघंपण जातील, असा वाटला. वीस मिनटं श्वास चालू व्हता त्याचा."

परतताना मला राग कुणावर काढावा ते कळेना. त्या चौघांवर कसा काढणार?

शनिवारी खैरान. दक्षिणेला सव्वा-दीड तासाचा सरळसोट रस्ता आहे. पेट्रोल भरून निघा आणि खाणं बरोबर घ्या. समुद्र आत वळवून केलेल्या कालव्यांच्या काठी ओळीने बंगले उभे आहेत, पाणी हिरवंनिळं, नजर हटत नाही. मंडळींनी पापलेट भाजले होते आणि मिसळही होती. मी वीस मिनिटं इमानदारीत मोबाइलवर बोलले. मुलांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. मग एक गृहस्थ हसून म्हणाले, "मोबाइलच परवडला. खरी नशा त्या बंगाल्यांना लखलाभ."

मग मात्र माझा तोल गेला. मी रफीकची वीस मिनिटं सांगितली, आणि नाव न घेता इरफानच्या गोळ्या आणि तीन आठवडे अडलेली सहीही. साळवी सर उठले आणि म्हणाले, "चला, जेवण गार होतंय."

जेवणानंतर मी पाण्याकडेला एकटी उभी होते. साळवी वहिनी आल्या आणि हळूच विचारलं, "त्या मुलाच्या गोळीचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"तीच. ह्यांची मणक्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर. आठ महिने घेत होते. कंपनीच्या डॉक्टरांनी मेडिकल लीव्ह लिहून दिली. पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात दोन महिने ठेवलं. परत आले तेव्हा खुर्ची जागेवर होती."

त्यांनीच नवऱ्याला हाक मारली. साळवी सरांचा चेहरा पडला. "माझी केस वेगळी होती," ते म्हणाले.

"कशी वेगळी?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून फोन काढला. म्हणाले, "कुठल्या यार्डात आहे तो?" नाव ऐकून त्यांनी फोन लावला. त्या यार्डाची कागदपत्रं बघणारा मंदूब त्यांच्या ओळखीचा निघाला, कारण त्यांची कंपनी तिथूनच फरशा घेते. अर्धं अरबी, अर्धं हिंदी, मधे एकदा हसणं. दोन मिनिटं झाली असतील.

"उद्या सही होईल."

मी आभार मानले. खरं सांगायचं तर मला ओरडावंसं वाटत होतं. एक माणूस तीन आठवडे दारात उभा, आणि काम निघालं दोन मिनिटांचं!

मी परतल्यावर पाचव्या दिवशी इरफान गावी आला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात उपचार सुरू आहेत. एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. असं होतंच, त्यात नवल नाही. पाठीची तपासणी झाली आहे, रात्री झोप लागते म्हणतो. परत जायचंय म्हणतो तेव्हा मी वाद घालत नाही.

मित्रमंडळी विचारतात, कुवेत कसं वाटलं? मी पापलेटाचं सांगते. खैरानच्या पाण्याचं सांगते. पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

गेल्या आठवड्यात उस्मानचाचांचा फोन आला. "ताय, आमच्या खोलीत अजून एक हाय. घरी जायाचा हाय त्याला. नेपाळचा हाय, पन पोरगा चांगला हाय."

'पन.' त्या एका शब्दाने माझं डोकं पुन्हा तापलं. मी लगेच साळवी सरांना फोन लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "इरफानचं ठीक होतं. हा आपला नाही ना."

"रफीकही नव्हता."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, मग तो बंद झाला.

"बरं," साळवी सर म्हणाले, "पासपोर्टवर नाव कसं लिहिलंय, तेवढं पाठवा."