काकूच्या नळीतले घोळके

आमचे काका तेवीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासत आलेत. सूक्ष्मदर्शकाला सतत डोळा लावलेला, म्हणून तिथे त्यांना 'दुर्बीण' म्हणतात. मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या की काचपट्टी स्वतः बघितल्याशिवाय काका रिपोर्टवर सही करत नाहीत. "मशीन मोजतं, बघत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरा हट्ट म्हणजे घरच्या माणसाचं रक्त आपण तपासायचं नाही, मन खोटं बोलतं. हा नियम त्यांनीच केला आणि भिंतीवर डकवलाही त्यांनीच.

मग काकूच्या आतड्यात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, लगेच काढून टाकू. नियमाप्रमाणे काकूचं रक्त शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेलं. काका त्यांना वर्षानुवर्षं 'बटणवाली' म्हणून चिडवत. बाईंनी बटण दाबलं. प्लेटलेट एकोणीस हजार. असायला हव्यात निदान दीड लाख. रक्त थांबलंच नाही तर? ऑपरेशन पुढे ढकललं, प्लेटलेट वाढाव्यात म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला तीच नळी, तेच बटण. काकूचा चेहरा सुजून भोपळा झाला, आकडा मात्र ढिम्म.

"एकदा तुम्हीच बघा ना हो," काकू म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

"मग नियमाशीच लग्न करायचं होतंत."

तिसऱ्या महिन्यात बाई रजेवर गेल्या, तेव्हा नाइलाजाने काकांनी काचपट्टी लावली. कडेला प्लेटलेटचे घोळकेच्या घोळके! तसं घोळका करणं हे त्यांचं कामच. रक्तवाहिनी फाटली की या चपट्या कणांना काटे फुटतात, ते जखमेला चिकटतात आणि रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावून घेतात. पण काकूच्या अंगात तसं काही घडत नव्हतं. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या बुचाच्या नळीत जे रसायन असतं, त्यानेच प्लेटलेटचं रूप पालटत होतं, आणि काकूच्याच रक्तातली प्रतिपिंडं त्यांना एकमेकींना चिकटवत होती. तेही फक्त नळीत. एवढा मोठा घोळका मशीनला प्लेटलेट वाटतच नाही, मोजणार कसं? काकांनी वेगळं रसायन असलेल्या, निळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं. दोन लाख दहा हजार.

काका रिपोर्ट घेऊन सर्जनकडे धावले. सर्जननी नवं स्कॅन करायला लावलं. गाठ यकृतात पोचली होती. आता कापून उपयोग नव्हता.

घरी काकूने विचारलं, "म्हणजे माझं रक्त पहिल्यापासून चांगलंच होतं?"

"हो."

"बरं. उठा आता, कुकर कसा लावायचा ते शिकून घ्या. एकदाच सांगणार आहे."