ताटातल्या सीताफळांची सावली

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण पुसदपासून कळंबपर्यंत लग्नघरांच्या भिंती मीच रंगवल्या. माझ्या हातचा आंबा खरा समजून पोरं भिंतीला हात लावायची. त्या कामाचा नेम एकच होता: मंगल भिंतीवर काळा रंग नाही. म्हणून माझ्या फळाला डाग नसे, अन् सावलीही नसे.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. माझी बायको तीन महिन्यांपासून बाजेवर होती. खोकला थांबत नव्हता. तिच्या बहिणीनं जंगलातली सीताफळं आणली. तिला ती खाववेनात. पितळी ताटात ठेवून, वर शेवंतीची दोन फुलं टाकून, ती नुसती पाहत पडायची. सकाळी कवाडातून ऊन आलं की ताटाची एक कड पेटल्यासारखी दिसे.

"हे असंच समोरच्या भितीवर काढून द्या," ती म्हणाली. "फळं तं चार दिसात सडतीन."

मी एका दिवसात काढलं. हिरवीगार, टपोरी. ती पाहून हसली, हसता हसता खोकली.

"हे कोनाच्या लग्नातले व्हय? माह्यावाले तं काळे पडले, एक उललं बी. अन् हे ताटात बसले कुठी? तरंगून राह्यले. सावली कुठी गेली याह्यची?"

"काळा नाही लावत मी."

"काहून?"

"मले नको शिकवू वो. जिंदगी गेली माही रंगात."

"मंग ऊन काहून नाही दिसून राह्यलं?"

खरं कारण मी सांगितलं नाही. आजारी माणसाच्या डोळ्यासमोर काळा ओढायची माझी छाती झाली नाही. डाग फळावर काढला तर तो तिलाच लागेल, असं वाटे. तिला वाटलं, मी अडून बसलो. अडून बसायची खोड होतीच मला. रोज सकाळी ती विचारायची, "आज लावता का?" मी दुसरीकडे पाहायचो. सहाव्या दिवशी तिनं विचारलं नाही. भिंतीकडे पाठ करून पडली. त्याच आठवड्यात गेली.

ताट मी कोणाला हलवू दिलं नाही. तेरवी झाल्यावर कंदिलाच्या काचेची काजळी डिंकाच्या पाण्यात कालवली. फळांवर डाग दिले, एक उललेलं दाखवलं, अन् कवाडाच्या उलट अंगाला सावली ओढली. फळं ताटात बसली. पांढऱ्याला हातही लावला नव्हता, तरी ताटाची कड उजळली.

बाज बाहेर काढली होती. ती निजायची त्या जागी मी जमिनीवर आडवा झालो अन् पाहिलं. तिथून ऊन बरोबर दिसत होतं.