पाळकबाईंच्या सिनेमातला बेवडा

प्लंबरकाकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, तरी चर्चमधली पोरं त्यांना लाडानं बेवडाकाका म्हणायची. तिथली उपासना चालवणाऱ्या पाळकबाई दरवर्षी मंडळीतल्या माणसांना घेऊन सिनेमा काढत, आणि दारुड्याचं काम दरवर्षी काकांच्याच गळ्यात पडे. लोक जीव ओतून राबत. कुणी घरचे पडदे काढून आणी, कुणी गाणं बसवी. गोष्ट मात्र ठरलेली: दारुडा गुडघे टेकतो, प्रार्थना करतो आणि बाटली फोडून मोकळा होतो.

यंदा बाटली फोडायची वेळ आली आणि काकांचा हातच उचलेना.

"काय झालं हो?" बाईंनी कॅमेरा थांबवला.

"बाई, आमचा दादा पितो. प्रार्थनाही करतो, ढसाढसा रडून. दुसऱ्या दिवशी पुन्हा पितो. सिनेमा बघून मला म्हणतो, देवानं तुझ्या बेवड्याचं ऐकलं, मग माझंच काय वाकडं आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. "लोकांना धीर यावा म्हणून करते हो मी."

"येतो की! आमची शेजारीण तुमचा सिनेमा बघूनच पुन्हा प्रार्थनेला यायला लागली. पण दादा अर्ध्यातून उठून जातो."

बाईंनी कॅमेरा खाली ठेवला. म्हणाल्या, "सकाळी तुमच्या घरी काय होतं?"

"काय होणार? मी चहा करतो. त्याचे हात थरथरतात, म्हणून कप मी धरतो."

"तेच करू या."

दारुडा काकाच राहिले; चहा पाजणाऱ्या भावाचं काम गाण्याच्या मास्तरांना दिलं. त्यांनी कप काकांच्या ओठांशी धरला, तेव्हा किती ओशाळं वाटतं आणि किती बरंही, ते काकांना पहिल्यांदाच कळलं. डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं.

सिनेमा दाखवला त्या दिवशी एक वडीलधारे चिडलेच. "अहो, हा सुधारलाच नाही!"

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

दादा शेवटपर्यंत बसून होता. दिवे लागल्यावर काकांजवळ आला. "मी एवढा म्हातारा दिसतो का रे?"

"छे, त्याहून जास्त!"

दोघं हसत सुटले.

दारू काही सुटली नाही. पण पुढच्या सिनेमाच्या वेळी दादा कॅमेऱ्यामागे दिवा धरायला येऊ लागला. एखाद्या दिवशी तो फिरकला नाही, की बाई काही न विचारता दुसऱ्याच्या हातात दिवा देत, आणि काका घरी निघाले की त्यांच्याकडे दादाच्या वाटणीचा जेवणाचा डबा.